पिकअपचं अ‍ॅव्हरेज, ट्यूनिंग बॉक्स आणि चोर्ल्याचा घाट: एका गाडीचं प्रकरण

पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडच्या एका गावातले दोघे भाऊ. थोरला शेती आणि मालखरेदी बघतो, धाकटा गाडी चालवतो. गाडी म्हणजे दीड टनी पिकअप, २०१८ ची, बीएस-४, अडीच लिटरचं टर्बो डिझेल इंजिन, कॉमन रेलचं, म्हणजे एकाच नळीत मोठ्या दाबानं ठेवलेलं डिझेल सगळ्या इंजेक्टरना पुरवणारं. किलोमीटरचा काटा दोन लाखांच्या पुढं गेलेला. माणसांची नावं, गाव आणि गाडीची कंपनी मुद्दाम देत नाही. आकडे त्यांच्या वहीतले आहेत, गोळाबेरीज करून घेतलेले.

धंदा या भागातल्या कुणालाही माहीत असलेला. कोबी, फ्लॉवर, ढबू मिरची, गाजर क्रेटमध्ये भरायचं, रात्री एकच्या सुमाराला निघायचं, जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरायचा आणि उजाडायच्या आत गोव्यातल्या म्हापशाचा बाजार गाठायचा. माल उतरला की रिकामे क्रेट घेऊन परत. जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, महिन्याला पाच हजारांच्या आसपास.

या फेरीची एक खोड ध्यानात ठेवायला हवी, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच आणि म्हापसा जवळजवळ किनाऱ्याला. म्हणजे गाडी भरलेली उतरते आणि रिकामी चढते. नुसत्या जाण्याचं अ‍ॅव्हरेज काढलं तर गाडी सोन्यासारखी वाटते, नुसत्या येण्याचं काढलं तर भंगारात घालावीशी वाटते. खरा आकडा फक्त पूर्ण फेरीचा.

अडचण

नवी होती तेव्हा गाडी पूर्ण फेरीला लिटरमागे १२ किलोमीटर द्यायची. गेल्या दोन-तीन वर्षांत ते ओघळत ९.५ वर आलं. लिटरला नव्वदच्या घरातला भाव धरला तर महिन्याला शंभर लिटर डिझेल जास्त, म्हणजे ९,००० रुपयांच्या वर. भाजीच्या धंद्यात एवढा पैसा सुटतो तेव्हाच घर चालतं. बाजारात दर पडलेल्या आठवड्यात ही फेरी तोट्यात जायला लागली, तेव्हा दोघं भाऊ जागे झाले.

गावातल्या मिस्त्रीचं म्हणणं, इंजिन थकलं, आता असंच चालायचं. दरम्यान धाकट्याला दुसऱ्या एका गाडीवाल्याकडून एका ट्यूनरचा पत्ता लागला. त्याच्याकडे दोन माल होते. एक, १५,००० रुपयांचा ट्यूनिंग बॉक्स, जो वायरिंगमध्ये जोडायचा. दुसरा, २२,००० रुपयांचं पूर्ण रिमॅप, म्हणजे ईसीएममधला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरमधला) प्रोग्रॅम बदलून नवा टाकायचा. दोन्हींत वीस टक्के अ‍ॅव्हरेज वाढेल अशी तोंडी हमी.

"अण्णा, कंपनीनं इंजिन दाबून ठेवलंय म्हणतोय त्यो. सॉफ्टवेअर उघडलं की झालं."

"उघडू दे की. पण त्याच्या आधी गाडी किती खायालीया ते नीट मोजूया."

थोरल्याच्या या एका वाक्यामुळं हे प्रकरण लिहिण्याजोगं झालं. मोजायचं कसं, हे विचारायला ते माझ्याकडे आले. डिझेल इंजिन शिकवणं हा माझा धंदा आहे.

समोर असलेले पर्याय

ओबीडीच्या सॉकेटला (गाडी तपासायचा स्कॅनर जोडतात तिथं) खोचायचे हजार-बाराशेचे 'फ्युएल सेव्हर' ऑनलाइन मिळतात. ते पहिल्याच दिवशी बाद केले. यांतले बरेच उघडून बघितले तर आत दिवे लुकलुकवण्यापलीकडे काही नसतं. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेनं इंधन वाचवण्याचा दावा करणारी शंभरावर उपकरणं तपासली आहेत आणि फार थोड्यांचा किंचित उपयोग दिसला. डिझेलमध्ये टाकायच्या बाटल्यांवरही वेळ घालवला नाही. नवी बीएस-६ गाडी घेणं हप्त्यात बसत नव्हतं. उरले बॉक्स, रिमॅप, आणि आहे ती गाडी मुळापासून तपासणं.

ट्यूनर खोटंच बोलत होता असं मी म्हणणार नाही. ईसीएममध्ये किती डिझेल, किती दाबानं, कोणत्या क्षणी सोडायचं याचे तक्ते असतात आणि ते बदलता येतात. इंजेक्शन थोडं लवकर केलं तर डिझेलमधून जास्त काम निघतं, हेही खरं. मग कंपनी ते करत का नाही? कारण लवकर जाळलं की सिलिंडरमधला दाब आणि तापमान वाढतं आणि नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. प्रदूषणाच्या मर्यादेत राहून जेवढं अ‍ॅव्हरेज काढता येतं तेवढं कंपनीनं काढलेलंच असतं. आपल्याकडे पिकअप विकली जाते तीच अ‍ॅव्हरेजवर, तिथं कुणी वीस टक्के उगाच शिल्लक ठेवत नाही.

आणखी एक समजूत जुन्या पेट्रोल जीपच्या काळापासून चालत आली आहे: मिश्रण पातळ केलं की गाडी कमी पिते. डिझेल इंजिन मुळातच भरपूर हवेत चालतं. त्यात कार्बोरेटरही नाही आणि पातळ करायला मिश्रणही नाही. डिझेलमध्ये ट्यूनिंगनं मुख्यतः ओढ वाढते. ओढ वाढली की चालक वरच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या कमी आरपीएमवर गाडी चालवू शकतो आणि त्यातून थोडं डिझेल वाचतं. सपाट हायवेवर भरल्या गाडीला याचा फायदा दिसू शकतो. घाटातल्या फेरीला कितपत, हा प्रश्न होता.

पहिला निर्णय: मोजायचं कसं

इथं सगळ्यात जास्त वेळ दिला आणि तो वाया गेला नाही.

एकच पंप, एकच नोझल, नोझल आपोआप बंद होतं त्या पहिल्या कटला थांबायचं, तोंडापर्यंत भरायचं नाही. डिझेलला फेस येतो आणि गळ्यापर्यंत भरायच्या नादात लिटरभर इकडंतिकडं सहज होतं. एका फेरीला २४ लिटर लागत असतील तर एका लिटरची चूक म्हणजे चार टक्के. ट्यूनरच्या दाव्याचा पाचवा भाग नुसत्या फेसात बुडाला. म्हणून एका फेरीवर निकाल द्यायचाच नाही असं ठरलं. आठवडाभराच्या फेऱ्यांचं, म्हणजे दीडशे लिटरच्या आसपासचं डिझेल एकत्र धरायचं. मग तीच एक लिटरची चूक एका टक्क्याच्या आत येते.

मीटरही तपासला. मागचे टायर रिमोल्ड केलेले आणि झिजलेले होते. मोबाईलच्या जीपीएसशी ताडून पाहिलं तर काटा दोन-तीन टक्के जास्त किलोमीटर दाखवत होता. ते वजा केलं. क्रेटची संख्या वहीत लिहायला लावली, कारण भरलेल्या क्रेटचं वजन साधारण ठरलेलं असतं. चालक एकच, धाकटा.

अशी मोजणी केल्यावर खरा आकडा आला ९.३. त्यांनी सांगितलेल्या ९.५ पेक्षा थोडा वाईट, पण आता तो भरवशाचा होता.

दुसरा निर्णय: बॉक्स लावून बघायचा

धाकट्याचा जीव बॉक्समध्ये अडकला होता. आधी गाडी तपासावी असं माझं मत मी सांगितलं, पण गाडी त्यांची आणि पैसेही त्यांचे. थोरल्यानं मधला मार्ग काढला: बॉक्स घ्यायचा, पण पसंत पडला नाही तर पैसे परत, या अटीवर आणि ती अट पावतीवर लिहून घेऊन. ट्यूनर तयार झाला. सोबत त्यानं एक ब्लूटूथ डोंगल दिलं, मोबाईलवर चालू अ‍ॅव्हरेज दाखवणारं.

पहिल्याच फेरीला मोबाईलवर ११.८ आलं. गाडी चढाला हलकी वाटत होती, चौथ्या गिअरला चढायची जागा वाढली होती. धाकटा खूश. टाकी भरली तेव्हा वही म्हणाली ९.४. आठवड्याच्या शेवटी ९.२.

मोबाईल आणि पंप यांत एवढी तफावत का, याचं उत्तर बॉक्स काम कसं करतो यात आहे. हा बॉक्स रेलच्या प्रेशर सेन्सर आणि ईसीएम यांच्या मधे बसतो आणि ईसीएमला खरा दाब कमी करून सांगतो. ईसीएमला वाटतं दाब कमी पडतोय, म्हणून तो इंजिनाच्या डिझेल पंपाला दाब वाढवायला लावतो. इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा हे मात्र तो आपल्याला कळलेल्या, म्हणजे खोट्या दाबावरून ठरवतो. प्रत्यक्षात जास्त दाबानं तेवढाच वेळ डिझेल सुटतं आणि जास्त डिझेल आत जातं. ताकद वाढते ती यामुळं. ताकद वाढली की चालक अ‍ॅक्सिलरेटर थोडा कमी दाबतो आणि ईसीएमच्या हिशेबी डिझेल कमी लागलं असं होतं. डोंगल ईसीएमचाच हिशेब वाचतं. म्हणजे ज्याला फसवलं त्याच्याच तोंडून साक्ष काढायची, असा हा प्रकार. पेट्रोल पंपाच्या नोझलला मात्र बॉक्सची खबर नसते.

ज्या कुणाच्या गाडीला असा बॉक्स बसला आहे त्यानं डॅशबोर्ड आणि अ‍ॅप दोन्ही बाजूला ठेवून फक्त टाकीचा हिशेब धरावा, हे मी अगदी कळकळीनं सांगतो.

बॉक्स परत गेला. पैसे मिळाले, थोडी कटकट होऊन. पावतीवर अट लिहिलेली नसती तर ते मिळाले असते असं मला वाटत नाही.

तिसरा निर्णय: रिमॅपला नकार

ट्यूनर म्हणाला, बॉक्स साधा असतो, रिमॅप करा, ईजीआर बंद करून देतो, मग बघा. ईजीआर म्हणजे जळालेल्या वायूचा काही भाग परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह. नायट्रोजन ऑक्साइड कमी राहावेत म्हणून तो असतो. तो बंद केला की इंजिन स्वच्छ श्वास घेतं, थोडं अ‍ॅव्हरेज वाढूही शकतं, हे मी त्या दोघांपासून लपवलं नाही.

पण त्याची किंमत काय? व्हॉल्व्ह बंद केला की चेक इंजिनचा दिवा लागतो, म्हणून प्रोग्रॅममधून तो कोडच काढून टाकतात. उद्या खरा बिघाड झाला तर तोही दिसत नाही. पीयूसीचं काय, असं थोरल्यानं विचारलं, तर ट्यूनर म्हणाला पास होते. तेही बहुतेक खरं आहे, कारण डिझेल गाडीच्या पीयूसीत फक्त धुराची दाटी मोजतात, बीएस-४ ला १.६२ ची मर्यादा आहे. नायट्रोजन ऑक्साइड तिथं मोजलेच जात नाहीत. म्हणून चिठ्ठी मिळते, पण जांबोटीपासून साखळीपर्यंत रस्त्याकडेच्या घरांत राहणाऱ्यांच्या छातीत ते जायचे राहत नाहीत.

कायद्याचं अंगही साधं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे कलम ठासून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं बेकायदा बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा आली. हवेच्या प्रदूषणाचे नियम मोडले तर १०,००० रुपयांपर्यंत दंड वेगळा. रोज दोन राज्यांची हद्द ओलांडणाऱ्या गाडीला हा धोका घरी बसून मोजता येत नाही. विम्याच्या दाव्यात न कळवलेला बदल निघाला तर काय होतं, हे गाडीवाल्यांना सांगायला नको.

थोरल्यानं नाही म्हटलं. त्याचं कारण मात्र या कशातलंच नव्हतं. तो म्हणाला, "गाडी आधी १२ द्यायची तवा कुणी ट्यूनिंग केलेलं नव्हतं. मग ती १२ वरनं खाली का आली, हे कुणी सांगंना झालंय." मला हा प्रश्न फार मोलाचा वाटला. गाडीत नवी ताकद घालायची नव्हती, हरवलेलं डिझेल शोधायचं होतं.

चौथा निर्णय: गाडी उघडून बघायची

बेळगावातल्या एका जुन्या गॅरेजमध्ये गाडी नेली. तिथल्या फिटरनं स्कॅनर लावला आणि जांबोटीच्या रस्त्याला चक्कर मारून आला. पहिलीच गोष्ट सापडली ती इंजिनाच्या तापमानात. ते ६० ते ६५ अंशांच्या वर जाईना, उतारावर त्याहूनही खाली. असं इंजिन ८० च्या वर चालायला हवं. थर्मोस्टॅटचं, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे अडवून धरणाऱ्या व्हॉल्व्हचं, घर उघडलं तर आत काहीच नाही. कधीतरी गाडी तापली म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकलेला आणि परत घालायचा राहिलेला. आपल्याकडे हे सर्रास होतं. गाडी तापत नाही म्हणून मालकही समाधानी असतो. पण थंड इंजिनात ऑइल घट्ट राहतं, ईसीएम इंजिन अजून गरम व्हायचंय असं समजून डिझेल जास्त सोडत राहतो. रात्री दीड-दोनला कणकुंबीच्या गारठ्यात घाट उतरणारी गाडी, ती पूर्ण फेरीत कधी नीट तापतच नव्हती.

दुसरी गोष्ट टर्बोकडून इंटरकूलरला (दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीला) जाणारा रबरी पाईप. वरून धडधाकट. क्लिपच्या खाली तेलकट डाग आणि त्यावर लाल माती घट्ट बसलेली, एवढीच खूण. फिटरनं पाईपची तोंडं बंद करून कंप्रेसरची थोडी हवा सोडली आणि साबणाचं पाणी लावलं. खालच्या बाजूला बोटाच्या पेराएवढ्या चिरेतून फेस फुगून आला. हवा नसताना चीर मिटलेली असायची, म्हणून कुणाच्या डोळ्याला पडली नव्हती. चढाला टर्बोनं दाबलेली हवा तिथून निसटायची, ओढ कमी पडायची, चालक पाय दाबायचा आणि मागं काळा धूर. धाकट्याला बॉक्समुळं गाडी हलकी वाटली ती याच कमतरतेवर पांघरूण पडल्यामुळं.

तिसरी, मागचा डावा ब्रेक. गाडी थांबल्यावर ड्रमला हात लावता येईना, उजवा मात्र कोमट. जॅकवर घेऊन चाक हातानं फिरवलं तर अर्ध्या फेऱ्यात थांबलं. ब्रेक दाबणारा व्हील सिलिंडर जाम झालेला. शिवाय एअर फिल्टर मातीनं चोंदलेला आणि मागच्या टायरांत हवा दरवाजाच्या पट्टीवर दिलेल्या आकड्यापेक्षा १५ पीएसआय कमी.

सगळं मिळून खर्च ९,००० च्या आत आला. थर्मोस्टॅट आणि पाईप नवे, ब्रेकचा सिलिंडर आणि लायनर, फिल्टर, अलाइनमेंट.

चालवण्याची सवय

एक गोष्ट गाडीत नव्हती. डिझेल वाचावं म्हणून धाकटा चोर्ला घाट बराचसा न्यूट्रलमध्ये उतरायचा. जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या गाड्यांपासून चालत आलेली ही सवय आहे. कॉमन रेल इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की ईसीएम इंजेक्शन पूर्ण बंद करतो, डिझेल शून्य. न्यूट्रलला टाकलं की इंजिन चालू ठेवायला डिझेल द्यावं लागतं. म्हणजे न्यूट्रलमध्ये जास्त डिझेल जातं, वर भरल्या गाडीचं सगळं वजन ब्रेकवर येतं. पावसाळ्यात, धुक्यात, त्या वळणांवर. अ‍ॅव्हरेज बाजूला ठेवलं तरी ही सवय मोडायलाच हवी होती. स्कॅनरवर इंजेक्शनचा आकडा शून्यावर गेलेला त्यानं डोळ्यानं बघितला आणि मग ऐकलं.

निष्पत्ती

त्याच पंपावर, त्याच पद्धतीनं मोजून आकडा ११ च्या आसपास स्थिरावला. महिन्याला ८० लिटरच्या घरात बचत, म्हणजे ७,००० रुपयांच्या आसपास. दुरुस्तीचा खर्च दीड महिना व्हायच्या आत फिटला. टक्क्यांत धरलं तर ट्यूनरनं जेवढी हमी दिली होती त्याच्या जवळपास. धूरही गेला.

१२ परत आले नाहीत. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट केली त्यात एक इंजेक्टर थोडं जास्त डिझेल टाकीकडे परत सोडतो असं दिसलं. ते काम मोठ्या खर्चाचं आहे आणि पुढच्या हंगामावर टाकलं आहे. बाकी घाट तर आहेच. सतराशे किलोची रिकामी गाडी ७५० मीटर वर आणायला, इंजिन डिझेलचा साधारण तिसरा हिस्साच कामी आणतं हे धरलं तर, नुसत्या उंचीपोटी एक लिटर लागतं. तो लिटर कुणालाही काढून टाकता येणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सगळी कामं एकाच खेपेला झाली, त्यामुळं कशानं किती फरक पडला हे सांगता येत नाही. माझा अंदाज थर्मोस्टॅट आणि ब्रेक यांच्याकडे झुकतो, पण तो अंदाजच. एक काम, मग आठवडाभर मोजणी, मग दुसरं काम, असं केलं असतं तर कळलं असतं. गाडी रोज बाजाराला जायची असताना ती दर आठवड्याला गॅरेजमध्ये लावणं परवडत नाही, हे मला मान्य आहे. तरी निदान ब्रेक आणि हवा पहिल्या दिवशी आणि बाकीचं नंतर, एवढं वेगळं करता आलं असतं. त्याला पैसा लागत नव्हता.

माल वजनकाट्यावर मोजायला हवा होता. क्रेट मोजून वजन धरलं, पण कोबीचा क्रेट आणि ढबू मिरचीचा क्रेट यांत खूप फरक असतो. आणि खरं सांगायचं तर गाडी कित्येकदा ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरली जाते. त्या विषयाला दोघांनीही हात घातला नाही. अ‍ॅव्हरेज, टायर आणि ब्रेक, तिन्हींच्या मुळाशी तो आहे आणि माझ्या दृष्टीनं हे काम अर्धं राहिलं आहे.

बॉक्सच्या आधी तपासणी झाली असती तर आठवडाभराची ओढाताण वाचली असती. पण तपासणीनंतर बॉक्स लावून बघितला असता तर एक स्वच्छ प्रश्न सुटला असता: निरोगी गाडीला ट्यूनिंगनं काय मिळतं? बिघडलेल्या गाडीवर घेतलेल्या मोजणीवरून बॉक्स साफ निकामी असं मी म्हणू शकत नाही. या गाडीवर, या रस्त्यावर, त्या अवस्थेत त्यानं डिझेल वाचवलं नाही, एवढंच वही सांगते.

धाकट्याचं मन अजून पूर्ण वळलेलं नाही. ईजीआरला हात न लावता, मूळ प्रोग्रॅमची प्रत जपून ठेवून, कुणी रिमॅप करून देणार असेल तर बघू, असं तो म्हणतो. त्यातला कायद्याचा धोका मी त्याला सांगितला आहे. थोरल्यानं अट घातली आहे: आधी इंजेक्टरचं काम, मग महिनाभर वही, मग बोलायचं.